पऱ्हाटीला भेंडीची पानं आली, म्हणजे बी बिघडलं का?

आषाढ सरत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कपाशीच्या शेंड्याचं एक पान, त्याला धरणारा अंगठा आणि खाली एकच ओळ: "भाऊ, हाई काय व्हई गयं?" पान पंजासारखं फाटलेलं असतं, बोटं लांबलेली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या. श्रावण-भाद्रपदात तिळाचे फोटो येतात, जिथे फुलं आणि बोंडं हवीत तिथे हिरव्या पानांचा झुपका. थंडी पडली की केळीचे. दरवर्षी हाच क्रम, आणि बहुतेक वेळा निकालही पाठवणाऱ्याने आधीच दिलेला असतो. बी बिघडलं. घरात शेतकीचं शिकणारं पोरगं असेल तर "म्युटेशन झालं".

म्युटेशन म्हणजे उत्परिवर्तन, झाडाच्या जनुकात झालेला कायमचा बदल. तो होतो, पानाफुलांचा आकार पार पालटून टाकतो, हे खरंच आहे. पण आपल्या खान्देशात शेतात दिसणाऱ्या वेड्यावाकड्या पानाफुलांमागे बहुतेक वेळा उत्परिवर्तन नसतं. मग ती उत्परिवर्तनासारखी हुबेहूब का दिसतात? कारण तणनाशक असो की रोग, झाडाच्या ज्या कळा उत्परिवर्तन बिघडवतं, नेमक्या त्याच कळांवर तेही बोट ठेवतात. हे एकदा डोक्यात बसलं की निदान अर्धं झालं.

आधी शेत, मग पान

फोटोत एक पान दिसतं, शेत दिसत नाही. म्हणून मी फोटोवरून उत्तर देत नाही, उलट विचारतो: अशी झाडं किती? कुठल्या बाजूला? मागच्या आठवड्यात किती होती?

सगळं शेत एकाच आठवड्यात बदललं, किंवा बांधाकडे जास्त आणि आत कमी होत गेलं, तर ते औषध किंवा हवामान. मधूनमधून झाडं बिघडलीत आणि दर आठवड्याला आकडा वाढतोय, तर तो रोग, आणि तो पसरवणारी एखादी कीड जवळच आहे. एखाद-दुसरंच झाड, पहिल्या पानांपासून तसंच, आणि आकडा वाढत नाही, तर बियाणं किंवा रोप मुळातच वेगळं होतं. एकाच झाडाची एकच फांदी वेगळी असेल तर बदल त्या फांदीच्या डोळ्यात झालाय. बोगनवेलीच्या एखाद्या फांदीवर अचानक पांढरी कड असलेली पानं येतात तसं.

सगळं शेत उत्परिवर्तनाने का बदलू शकत नाही, याचा हिशेब सोपा आहे. जनुकांची लांबलचक पोथी धरली, तर त्यातल्या शंभर कोटी अक्षरांमागे एका पिढीत साधारण सात अक्षरं बदलतात. हा आकडा मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपट्यावर मोजलेला आहे. त्यातले बहुतेक बदल जिथे काहीच लिहिलेलं नाही अशा जागी पडतात. जो कामाच्या जागी पडतो तोही बहुधा दबून राहतो, कारण प्रत्येक जनुकाची दुसरी शाबूत प्रत दुसऱ्या पालकाकडून आलेली असते. म्हणजे संकरित कपाशीच्या पाकिटात ताजा बदल असलाच तर तो एखाद्या दाण्यात असेल, आणि त्या झाडावर तो दिसणारही नाही. आपापल्या नशिबाने उगवलेली पाच हजार झाडं एकाच दिवशी एकच चूक करणार नाहीत.

कपाशी: खोडावर तारीख लिहिलेली असते

ही गोष्ट माझ्यावरच शेकलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या शेतात माझी दोन एकर कपाशी होती आणि बांधापलीकडे चुलतभावाचा मका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कपाशीचे शेंडे असे काही झाले की लांबून भेंडी लावल्यासारखं वाटावं. पाकीट खिशात घालून मी तडक बियाण्याच्या दुकानात गेलो आणि चार माणसांसमोर नको ते बोललो. दुकानदार वयाने मोठे होते. त्यांनी चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "तुमच्या पाकिटाच्या त्याच लॉटचं बी अजून तीस जणांनी नेलं. त्यांच्याकडे नाही, तुमच्याकडेच कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग तेवढा होता.

घरी येऊन झाड उपटलं आणि ओट्यावर आडवं ठेवून पेरं मोजली. खालची आठ पानं नेहमीसारखी रुंद. मग सहा पानं फाटकी. आणि अगदी शेंड्याला, नुकतं उलगडत असलेलं पान पुन्हा बऱ्यापैकी रुंद. तिथेच सगळं कळायला हवं होतं. बी बिघडलेलं असतं तर शेंड्याचं पान सुधारलं नसतं.

उबदार हवेत कपाशीचं मुख्य खोड साधारण तीन दिवसांनी एक नवं पेर टाकतं. शेंड्यापासून सर्वांत खालच्या फाटक्या पानापर्यंत मोजा आणि तीनने गुणा. ते पान त्या वेळी अजून कळीत घडी घालून होतं, म्हणून त्यात आणखी आठवडाभर मिळवा. माझा हिशेब जुलैच्या पहिल्या आठवड्यावर येऊन थांबला. त्याच आठवड्यात चुलतभावाने मक्यातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारलं होतं. आणि पंप माझा होता. मका आटोपल्यावर त्याने तो दोनदा पाण्याने खळबळून परत दिला, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच पंपाने तुडतुड्यांचं औषध कपाशीवर मारलं.

टू-फोर-डीला कपाशी भयंकर हळवी आहे. मक्यावर मारतो त्याच्या हजाराव्या भागाइतका अंशही पानावर दिसून येतो. दोनदा खळबळलेल्या पंपाच्या नळीत, वायसरमध्ये आणि नोझलच्या जाळीत तेवढा अंश आरामात राहतो. वारा असेल तर पंपाचीही गरज नाही. त्यातही इस्टर प्रकारातलं टू-फोर-डी उन्हात वाफ होऊन हवेवर जातं. अमाइन आणि सोडियम मीठ त्या मानाने जागेवर राहतात.

आता मूळ प्रश्न: भेंडीसारखंच पान का?

कारण तसं पान देणारं खरं उत्परिवर्तन कपाशीत आहे. इंग्रजीत त्या पानाला नावच ओक्रा लीफ, म्हणजे भेंडीपान. पान वाढताना काठावर कुठे वाढ चालू ठेवायची आणि कुठे थांबवायची हे ठरवणारं एक जनुक असतं. दोन बोटांच्या मधली वाढ जितकी जोरात दाबली जाईल तितकी खाच खोल. भेंडीपानाच्या कपाशीत या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातला १३३ अक्षरांचा तुकडा दोनदा आलाय, त्यामुळे जनुक जास्त बोलतं आणि खाचा खोल जातात. आपल्या नेहमीच्या रुंद पानाच्या कपाशीत त्याच जनुकातली ८ अक्षरं गळाली आहेत, म्हणून ते अर्धवट राहतं आणि खाचा उथळ राहतात. हे २०१७ साली उलगडलं. त्यातली गंमत अशी की अमेरिकन कपाशीच्या पूर्वजाचं पान मधल्या खाचेचं होतं. ज्याला आपण 'बरोबर पान' म्हणतो, ते रुंद पानच मोडक्या जनुकाचं आहे. आपल्या जुन्या देशी कपाशीचं पान बघा, अरुंद बोटांचं असतं, आणि त्याला कुणी कधी बिघडलेलं म्हटलं नाही.

बोटांच्या टोकाला वाढीची खूण कोण करतं? ऑक्झिन नावाचं झाडाचं संप्रेरक. टू-फोर-डी म्हणजे कारखान्यात केलेलं ऑक्झिनच, फक्त झाडाला ते लवकर मोडून टाकता येत नाही. जिथे थेंब थेंब खूण असायची तिथे सगळीकडे शाई सांडते आणि कळीतलं पान घोटाळतं. म्हणून दोन्हींचं चित्र एकसारखं.

तरी फरक आहेत. खऱ्या भेंडीपानाच्या झाडात पहिली चार-पाच पानं जवळजवळ साधी असतात, पाचव्या-सहाव्या पेरापासून खाच खोल होते आणि मग शेंड्यापर्यंत तशीच राहते. बोटं दोन्ही बाजूंनी सारखी, शिरा पंख्यासारख्या नीट पसरलेल्या. पात्या म्हणजे फुलांच्या कळ्या, फुलं, बोंडं धडधाकट. औषध लागलेल्या झाडात फाटक्या पानांचा मधेच एक पट्टा असतो, शिरा समांतर आणि फिक्या, पान खरबरीत, पात्यांभोवतीची हिरवी पानोळी एकमेकांना चिकटलेली. हाताला सवय झाली की डोळे मिटूनही ओळखता येतं.

उपाय काय, तर उतारा नाही. फाटकं पान परत रुंद होत नाही, कितीही टॉनिक मारा. पाण्याचा ताण पडू देऊ नका, खताचा हप्ता चुकवू नका आणि नव्या पानांची वाट बघा. मार हलका असेल तर तीन-चार आठवड्यांत शेंडा सुधारतो, पात्यांची एक फळी जाते ती जाते. पंप मात्र धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने भरून रात्रभर ठेवायचा, ते पाणी नळी-नोझलमधून काढायचं आणि मग दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचा. त्याहून बरं म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा. माझ्या पंपावर आता लाल ऑइलपेंटने फुली आहे आणि तो चुलतभावाकडेच असतो.

दुकानदारांकडे मी नंतर गेलो. त्यांनी पुन्हा चहाच मागवला.

खरंच बियाण्याचा संशय असेल तर पाकीट, लॉट नंबर आणि बिल जपून ठेवा, पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. पीक काढून टाकल्यावर केलेल्या तक्रारीला काही अर्थ उरत नाही.

तीळ, आणि गोसावी झालेली बाजरी

तिळाचं प्रकरण वेगळं आणि मला विचाराल तर सगळ्यांत सुंदर, तीळ माझा नसेल तर. झाड कंबरेएवढं होतं, खालची बोंडं नीट भरतात आणि वर अचानक फुलांच्या जागी पानं. नीट बघितलं तर ती फुलंच असतात. भिंग असेल तर वापरा, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ न्या. पाकळ्यांची नळी हिरवी झालेली दिसेल, पुंकेसर पानासारखे चपटे, आणि मधोमध जिथे बोंड व्हायचं तिथून छोटी फांदीच बाहेर पडलेली. याला पर्णगुच्छ म्हणतात.

शाळेत आपण फुलाची चार वर्तुळं शिकलो: निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. १९९१ साली एन्रिको कोएन आणि एलियट मेयेरोविट्झ यांनी त्यामागचं गणित मांडलं. जनुकांचे तीन गट, त्यांना अ, ब, क म्हणू. एकटा अ असेल तिथे निदल, अ आणि ब मिळून पाकळी, ब आणि क मिळून पुंकेसर, एकटा क असेल तिथे स्त्रीकेसर. क गेला की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि फूल संपतच नाही, आत आणखी फूल. दुहेरी फुलं घडतात ती साधारण याच वाटेने. दारातली दुहेरी जास्वंद बघा, मधल्या दांडीवर पाकळ्या फुटलेल्या दिसतील, काहींच्या टोकाला अजून परागाचा पिवळा ठिपका असतो. अर्धा पुंकेसर, अर्धी पाकळी. या तिन्ही गटांच्या जोडीला चौथा गट लागतो हे पुढे २००० साली कळलं. त्या चौथ्या गटातली सगळी जनुकं बंद पाडली की फुलाच्या चारही वर्तुळांत पानंच येतात.

तिळात नेमकं हेच दिसतं, पण जनुक शाबूत असतं. तुडतुडे झाडाचा रस शोषताना फायटोप्लाझ्मा नावाचा, पेशीभित्तिका नसलेला सूक्ष्म जीव आत सोडतात. हे जीव जी प्रथिनं सोडतात त्यांतली काही फुलाच्या याच गटांची प्रथिनं झाडाच्या स्वतःच्या कचरापेटीत ढकलतात. हुकूम लिहिलेला आहे, हुकूम नेणारा शिपाई वाटेत मारला जातो. फूल पान होतं, पान कोवळं राहतं, कोवळ्या पानावर तुडतुडे पुन्हा येतात.

ओळख सोपी आहे. एकाच झाडावर खाली बोंडं आणि वर झुपका असेल तर तो रोग. मधेच लागण झाली त्याची ती रेघ आहे. उत्परिवर्तन असतं तर पहिल्या फुलापासून झुपका दिसला असता. झाड बरं होत नाही. दिसलं की उपटा आणि शेताबाहेर न्या, तुडतुड्यांचा बंदोबस्त करा, बाकीचं पीक राखलं जाईल. भरताच्या वांग्यातही याच घराण्यातला रोग येतो, पानं बोटभर होतात, फूल हिरवं पडतं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून तुडतुडे त्याला सोडत नाहीत.

बाजरीचा गोसावी आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. कणसात दाण्याऐवजी हिरव्या जटा. नाव देणाऱ्याने बघून दिलंय. ही केवडा रोगाची पुढची पायरी, बुरशीसारखाच एक जीव जमिनीतून येतो. पहाटे दव असताना पानाच्या खालच्या बाजूला पांढरा लव दिसला की खात्री झाली. बियाण्याला किलोमागे ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ टक्के चोळून पेरणं हाच खरा उपाय, गोसावी झाल्यावर उपटण्यापलीकडे काही नाही.

तुरीचा वांझ रोग, मिरचीचा चुरडा-मुरडा यांचंही तसंच. एक विषाणू आणि त्याची वाहतूक करणारी कीड. त्यांच्यावर वेगळं लिहीत नाही.

मक्याच्या तुऱ्यात दाणे आले म्हणून रब्बीत हमखास एक-दोन फोन येतात. मक्याचं प्रत्येक फूल सुरुवातीला नर-मादी दोन्ही असतं. तुऱ्यातला मादी भाग झाड स्वतःच मारतं. तो न मारणारी उत्परिवर्तनं आहेत आणि त्यांत तुरा दाण्यांनी भरतो. पण शेतात दाणे बहुधा बुडाच्या फुटव्यांच्याच तुऱ्यावर असतात, थंडी आणि लहान दिवस यांमुळे झालेले. मुख्य खोडाचा तुरा नीट असेल तर विसरून जा.

पपईही अशीच. थंडीत उभयलिंगी फुलातले पुंकेसर स्त्रीकेसरासारखे होऊन चिकटतात आणि फळ वेडंवाकडं, खाचाखोचांचं होतं. शहाद्याकडे डिसेंबरच्या फुलांतून आलेली अशी फळं बघून रोपवाटिकेला शिव्या घालू नका. फेब्रुवारीतली फुलं बघा, मग बोला.

केळी: इथे मात्र खरंच बदललेलं असतं

आतापर्यंत मी 'बी बिघडलेलं नाही' हेच सांगत आलो. केळीत मला शब्द मागे घ्यावा लागतो.

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात आता बहुतेक बाग उतिसंवर्धित रोपांची, जी-९ म्हणजे ग्रँड नैनची. कंदाच्या डोळ्याचा बारीक तुकडा बाटलीत वाढवायचा, त्याचे तुकडे करायचे, पुन्हा वाढवायचे. एका डोळ्यापासून हजारो रोपं. या फेऱ्यांत एखाद्या पेशीत बदल झाला आणि तोच तुकडा पुढे वाढत गेला, तर त्याच्या पोटी आलेली सगळी रोपं बदललेली. बियाण्यात ताजा बदल दाण्यापुरता राहतो, इथे तो ट्रेच्या ट्रे भरतो. अशा बदलाला १९८१ साली सोमाक्लोनल व्हेरिएशन हे नाव मिळालं. फेऱ्या जितक्या जास्त तितका धोका जास्त, म्हणून केळीत साधारण आठ फेऱ्यांपलीकडे जाऊ नये असं सांगतात.

सर्वांत जास्त आढळतं ते बुटकं रोप. पान आखूड आणि रुंद, देठ आखूड, पानं एकाच जागी पंख्यासारखी दाटलेली. निसवताना, म्हणजे बाहेर पडताना, घड गळ्यात अडकतो, दांड्यावर सुकलेली नरफुलं आणि पाती चिकटून राहतात. जुन्या लोकांना हे झाड ओळखीचं वाटेल, कारण ते बसराईसारखं दिसतं. बसराई हीसुद्धा केळीच्या कॅव्हेंडिश घराण्यातलीच बुटकी. म्हणजे बाटलीत जी चूक घडते, ती माळावर कधीतरी आपोआप घडली होती आणि आपल्या आजोबांनी तिची बाग केली होती.

मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, जानेवारीच्या थंडीनेही घड गळ्यात अडकतो. तो सगळ्या बागेत अडकतो आणि पानांची लांबी-रुंदी नेहमीचीच असते. टेप घेऊन जा. शेजारच्या चांगल्या झाडाचं तिसरं पान आणि संशयिताचं तिसरं पान मोजा, लांबीला रुंदीने भागा. आकडा स्पष्ट कमी आला तर झाड बुटकं.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. पानावर पिवळे-हिरवे पट्टे. हा हरण्या, म्हणजे काकडीवर्गीय मोझॅक विषाणू, की बाटलीतला बदल? २०२० साली हरण्याने याच पट्ट्यात लोकांना उभ्या बागा उपटायला लावल्या, म्हणून आता पट्टा दिसला की छातीत धस्स होतं. बाटलीतल्या बदलाचं पान जाड, रबरासारखं, अरुंद, कड लाटेसारखी, आणि हे पहिल्या पानापासून. हरण्याचे पट्टे शिरांना समांतर, तुटक, पान पातळच, आणि थंड दमट हवेत पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो.

तरी डोळा फसतो. म्हणून माझी पद्धत: आज बाग फिरून प्रत्येक संशयित झाडाला सुतळीची गाठ मारायची, आकडा वहीत लिहायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा फिरायचं. मागच्या मृगबागेत मला पहिल्या फेरीत सतरा सापडली, त्यातली अकरा ठिबकच्या एकाच नळीवर सलग, म्हणजे एकाच ट्रेमधली. पंधरा दिवसांनीही सतराच. तो बदल होता. आकडा तीस झाला असता तर तो हरण्या, मावा त्याला घरोघर पोचवतोय. पण पंधरा दिवस थांबायचं ते फक्त पान जाड आणि रबरासारखं असेल तेव्हा. पातळ पानावर तुटक पट्टे असतील तर त्याच दिवशी उपटा आणि खात्रीसाठी पान प्रयोगशाळेत पाठवा. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, टरबूज, टोमॅटो, मिरची नको, तिथे विषाणूही पोसला जातो आणि मावाही.

बदललेली झाडंही ठेवण्यात अर्थ नाही. खत-पाणी तेवढंच खातात. चुकून ठेवलीच तर त्यांचं पिल, म्हणजे बुडाला फुटणारं रोप, मात्र राखू नका, पिलबागेत तोच बुटका पुन्हा उभा राहतो. रोपं घेताना लेबल मागा. उतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली, तीत विषाणूची तपासणी आणि रोपं मूळ वाणाशी जुळतात का याची तपासणी, दोन्ही होतात.

बाटलीतला प्रत्येक बदल अक्षरांचाच असतो असंही नाही. तेलताडाच्या उतिसंवर्धित झाडांत पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरासारखे अवयव येतात आणि फळ तेलाचं राहत नाही. लागवडीनंतर काही वर्षांनी, फळं धरल्यावर कळतं. २०१५ साली कारण सापडलं: ब गटातल्या एका जनुकाच्या मधे बसलेल्या एका उड्या मारणाऱ्या तुकड्यावरची रासायनिक खूण पुसली गेली होती. अक्षर एकही बदललेलं नव्हतं. त्या तुकड्याचं नाव शास्त्रज्ञांनी आधीच 'कर्मा' ठेवलेलं होतं. कर्माचे भोग, दुसरं काय.

एखादं खरं निघालं तर

औषध नाही, रोग नाही, एकच झाड, पहिल्यापासून तसंच, आणि फूल-फळ धरतंय. मग ते उपटू नका. त्याला रंगीत चिंधी बांधा. कपाशी, तूर यांच्यासारख्या पिकांत मधमाश्या पराग फिरवतात, म्हणून काही कळ्यांवर उमलण्याआधी कागदी पिशवी बांधा. बी वेगळं काढा आणि पुढच्या हंगामात वेगळ्या ओळीत लावा. सगळ्या झाडांत गुण उतरला तर पक्का. साधारण चारांतल्या तिघांत दिसला आणि एकात नाही, तर तोही जनुकाचाच. एकातही नाही दिसला, तर त्या झाडाला आदल्या वर्षी काहीतरी लागलं होतं, बदल नव्हता.

अशा झाडांना किंमत असते. आपल्याकडे वर्षानुवर्षं पेरला जाणारा टीएयू-१ उडीद मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्परिवर्ती वाणाशी संकर करून घडवला, १९८५ साली तो शेतात आला. किरणांनी मुद्दाम करतात ते कधीतरी बांधावर फुकट होतं.

परवाच्या रब्बीत माझ्या हरभऱ्यात एका झाडाला एकेका देठावर दोन-दोन घाटे दिसले. हरभऱ्यात हा एका जनुकाचा, लपून राहणारा गुण आहे. कुठल्या दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळलेला असेल, किंवा नवाही असेल. चाळीस दाणे निघाले, ते आगपेटीत ठेवले आणि गेल्या कार्तिकात परसात लावले. छत्तीस उगवले. छत्तीसही झाडांवर जोडघाटे आले, पण प्रत्येक देठावर नाही. खालच्या देठांवर दोन आणि वर गेलं की एकच. बायकोने त्यातले मूठभर हिरवे सोलून भाजीत टाकले, मला रात्री जेवताना कळलं. उरलेलं बी पुन्हा आगपेटीत आहे, या वेळी कपाटाला कुलूप आहे.